वाटाड्याशिवाय एल्कची शिकार: कोलोरॅडोच्या उंच डोंगरात पहिला हंगाम

पहिल्या वर्षी माझ्या दुर्बिणीत एल्कची, म्हणजे सांबराहून थोराड अशा अमेरिकेतल्या हरणाची, मादी आली तेव्हा संध्याकाळचे साडेचार वाजले होते. समोरच्या घळीच्या तळाशी, अडीचशे यार्डांवर ती आडवी उभी होती. मी रायफल टेकवली, अंगठा सेफ्टीवर नेला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "गाडी कुठंय?"

गाडी सात किलोमीटर मागे होती आणि मधे चारशे मीटरचा चढ होता. मी अंगठा काढून घेतला.

हा म्हातारा म्हणजे आमचा शेजारी, निवृत्त पोस्टमन. गेली चाळीस वर्षं तो याच डोंगरांत शिकार करतोय. त्या संध्याकाळी त्याने मला एक शब्दही बोल लावला नाही, पण परतताना मी मनातल्या मनात हिशेब करत राहिले. नेम, रायफल, टॅग (एक जनावर मारायच्या परवान्याची चिठ्ठी) यांचा मी वर्षभर विचार केला होता. मांस खाली कसं आणायचं याचा एकदाही केला नव्हता. म्हणून हा लेख मी उलट्या टोकाने सुरू करते आहे.

आधी ओझ्याचं गणित

मोठा नर एल्क सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो, मादी सव्वादोनशेच्या. हाडं काढून नराचं नव्वद ते शंभर किलो आणि मादीचं साठ-सत्तर किलो मांस हाती येतं. सरावलेला माणूस डोंगरातून एका खेपेला पंचवीस ते तीस किलो नेतो. म्हणजे एकट्याला नर आणायचा तर चार खेपा. गाडी तीन किलोमीटरवर असेल तर एका खेपेचे जाऊन-येऊन सहा, आणि चार खेपांचे चोवीस किलोमीटर. त्यातले निम्मे पाठीवर तांदळाचं पोतं घेऊन, तेही दहा हजार फुटांवर.

यातून माझे दोन नियम निघाले. एकटी असेन तर गाडीपासून तीन किलोमीटरपलीकडे गोळी झाडायची नाही. आणि शक्यतो गाडी खाली, शिकार वर. घळीत उतरून केलेल्या शिकारीचा प्रत्येक किलो चढाने वर आणावा लागतो. गोनीदांच्या पायवाटा तुडवलेल्या माणसालाही हा चढ वेगळा वाटेल, कारण इथे परतीचं ओझं जातानापेक्षा तिप्पट असतं.

हा प्राणी कोणता, आणि त्याला मारायची मुभा कशी

मराठीत एल्कला नाव नाही. सांबर डोळ्यांपुढे आणा आणि ते आणखी थोराड करा. काश्मीरचा हंगुल त्याच्या जवळच्या नात्यातला. युरोपात मात्र एल्क म्हणजे मूस, हरणकुळातलाच पण वेगळा प्राणी, त्यामुळे युरोपीय पुस्तकं वाचून घोटाळा होतो. अमेरिकेतला एल्क म्हणजे वापिती. हा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या शॉनी भाषेतला शब्द, अर्थ पांढऱ्या ढुंगणाचा. दाट रानात सगळ्यात आधी दिसतो तो हाच फिकट पांढुरका ठिपका, तेव्हा नाव ठेवणाऱ्याने बघून ठेवलं आहे.

आपण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सावलीत वाढलेली माणसं. आपल्याकडे शिकार म्हणजे एक तर राजेरजवाड्यांचे फोटो, नाही तर गुन्हा. इथली व्यवस्था वेगळी आहे. जंगली जनावर कुणा जमीनमालकाचं नसतं, राज्याच्या ताब्यातली ती जनतेची ठेव असते. किती मारायची हे राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी युनिटनिहाय, म्हणजे शिकारीसाठी पाडलेल्या विभागांनुसार, ठरवतं. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यापासून बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळपास संपले होते. बाहेरून कळप आणून सोडावे लागले. आज जगातले सगळ्यात जास्त एल्क याच राज्यात आहेत, पावणेतीन-तीन लाखांच्या घरात.

वाटाड्याशिवाय जायला कोलोरॅडो बरं, याचं कारण एवढंच नाही. राष्ट्रीय वनांची अफाट सार्वजनिक जमीन इथे आहे, आणि शेजारच्या वायोमिंगमध्ये राखीव वनक्षेत्रात (ज्याला इथे 'विल्डरनेस' म्हणतात) बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला वाटाड्या सक्तीचा आहे, तसं इथे नाही.

पहिली पायरी: कागद (जानेवारी ते एप्रिल)

आपल्या लोकांचा एक गैरसमज आधी काढते. एच-वन-बी किंवा तत्सम बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगताही येत नाही, मित्राची असली तरी. याला एक अपवाद आहे: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं, चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. पुष्कळ जण हे उलट करतात आणि आपण गंभीर गुन्हा केलाय हे त्यांना कळतही नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट नाही. तुमच्या व्हिसाबद्दल तसूभरही शंका असेल तर वकिलाला विचारा. ते पैसे वाया जात नाहीत.

लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे. अभ्यास ऑनलाइन करता येतो, पण ज्यांनी कधी बंदूक हातात धरली नाही त्यांनी पूर्ण वर्गात बसावं असं माझं मत. माझ्या वर्गात मी सोडून बाकी बहुतेक दहा-बारा वर्षांची पोरं होती. लाज वाटली, पण कुंपण ओलांडताना रायफल कशी द्यायची-घ्यायची हे त्यांच्याबरोबरच शिकले.

मग टॅग. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे खातं दर वर्षी मोठ्या जनावरांची पुस्तिका काढतं. ती पेन्सिल घेऊन वाचा. सोडतीचे अर्ज साधारण एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत घेतात. ज्यांना टॅग लागत नाही त्यांना पसंतीचा गुण मिळतो आणि गुण साठत जातात. चांगल्या युनिटांसाठी लोक वर्षानुवर्षं गुण साठवतात. नवख्याने त्या फंदात पडू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल हंगामाचे नरांचे टॅग बऱ्याच युनिटांत सोडतीशिवाय मिळत आले आहेत. धनुष्यबाणाचे टॅग मात्र २०२५पासून बाहेरच्या राज्यातल्यांना सोडतीतूनच मिळतात. नियम हलताहेत, त्यामुळे गेल्या वर्षी मित्राने काय केलं यावर जाऊ नका.

माझा सल्ला: पहिल्या वर्षी मादीचा टॅग घ्या. माद्या जास्त असतात, ओझं कमी भरतं, मांस कोवळं असतं, आणि शिंगं मोजायची कटकट नाही. नराच्या टॅगवर बहुतेक युनिटांत एका शिंगाला किमान चार टोकं, किंवा कपाळाजवळचं टोक किमान पाच इंच लांब असावं लागतं. पहाटेच्या अंधुक उजेडात, झाडांच्या फांद्यांमधून, धडधडत्या छातीने ही मोजणी करून बघा म्हणजे कळेल.

राज्यात सलग सहा महिने राहिलं की रहिवासी धरतात. रहिवाशाला एल्कचा टॅग साठ-सत्तर डॉलरमध्ये मिळतो, बाहेरच्याला आठशेच्या पुढे मोजावे लागतात. लायसन्सबरोबर शोध-बचाव निधीचे काही सेंटही घेतले जातात. त्या सेंटांबद्दल कुरकुर करू नका.

दुसरी पायरी: नकाशा (एप्रिल ते जुलै)

राज्याचे शिकारीसाठी क्रमांकवार युनिट पाडले आहेत. खातं दरवर्षी युनिटनिहाय आकडे देतं: किती शिकारी गेले, किती जनावरं पडली. सोडतीशिवायच्या युनिटांत पाचांत एकाला शिकार मिळाली तरी हंगाम बरा म्हणतात. हे आधी गिळून ठेवा. मी आकड्यांपेक्षा घरापासूनचं अंतर जास्त मोलाचं मानते. साडेतीन तासांत पोचता येणाऱ्या मध्यम युनिटात मी उन्हाळ्यात चार वेळा जाऊ शकते. दहा तासांवरच्या नामांकित युनिटात एकदाही जाणं होत नाही. व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वन आणि त्यातली फ्लॅट टॉप्सची पठारं इथे राज्यातला सगळ्यात मोठा कळप आहे, पण तिथे शिकाऱ्यांचीही जत्रा असते.

नकाशावर काय शोधायचं? एल्कला तीन गोष्टी जवळजवळ लागतात: चरायला गवत, प्यायला पाणी, दिवसा पडून राहायला गर्द सावली. उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारांवर स्प्रूस आणि फरची काळी झाडी दाटते, तिथे ते दुपार काढतात. ॲस्पेनची राई आणि गवताळ माळ ही चरण्याची जागा. या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत आणि रस्ता दीड ते तीन किलोमीटर दूर आहे अशा पाच-सहा जागा खूण करून ठेवा. रस्त्यालगतची जागा पहिल्याच दिवशी माणसांनी विस्कटते. दोन घळींमधली खिंडही खूण करा, कारण घाबरलेला कळप तिथूनच पलीकडे उतरतो.

खासगी जमिनीच्या हद्दी फोनमधल्या नकाशावर उतरवून घ्या, तिथे रेंज नसते. कोलोरॅडोत जमीनमालकाने कुंपण घालायला किंवा पाटी लावायला हवी असं बंधन नाही. हद्द ओळखणं ही तुमची जबाबदारी. वन खात्याचा गाड्यांच्या रस्त्यांचा नकाशाही घ्या, कारण जीपच्या चाकोऱ्या दिसल्या म्हणून तिथे गाडी नेता येते असं नाही. राखीव वनक्षेत्रात तर चाकाची कुठलीच वस्तू चालत नाही, मांस ओढायची हातगाडीसुद्धा. ओझ्याचं गणित तिथे पुन्हा करा.

तिसरी पायरी: छाती आणि पाय

कळसूबाई १,६४६ मीटर. डेन्व्हर शहर १,६०९ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या छपरावर आम्ही रोज भाजी आणायला जातो. शिकार होते ती त्याच्या दुप्पट उंचीवर, २,७०० ते ३,५०० मीटरच्या पट्ट्यात. झाडांची रेषा साधारण साडेअकरा हजार फुटांवर संपते. सह्याद्रीत तुम्ही कितीही गड सर केलेले असोत, ही हवा फुप्फुसांना नवीन असते. समुद्रसपाटीवरून येत असाल तर शिकारीआधी दोन-तीन रात्री उंचीवर काढा, पाणी भरपूर प्या, पहिले दोन दिवस दारू नको. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही लक्षणं दिसली की वर चढणं थांबवा. वाढली तर खाली उतरा, रात्र असली तरी.

सरावाला मी सॅकमध्ये दहा किलोची तांदळाची पिशवी टाकून सुरुवात केली. चार महिन्यांत वीसवर आले. जिमपेक्षा स्टेडियमच्या पायऱ्या बऱ्या. उतरण्याचाही सराव करा. गुडघे चढताना नाही, ओझं घेऊन उतरताना बोलायला लागतात.

चौथी पायरी: रायफल

.३०८, .२७०, .३०-०६ यांपैकी कुठलीही साधी बोल्ट-ॲक्शन रायफल पुरते. राज्याची अट एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर आणि फुलणारी गोळी अशी आहे. मॅग्नमच्या, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसांच्या, मागे लागू नका. खांद्याला लाथ बसली की माणूस चाप ओढताना डोळे मिटायला शिकतो आणि ती सवय सुटत नाही. दुकानातून बंदूक घेताना पार्श्वभूमीची तपासणी होते आणि कोलोरॅडोत तीन दिवस थांबावं लागतं. ऑक्टोबरच्या तोंडावर धावपळ नको.

रेंजवर टेबलावर रायफल ठेवून केलेली नेमबाजी फक्त रायफलवरची दुर्बीण जुळवण्यासाठी. ते झालं की टेबल सोडा. सॅकवर रायफल ठेवून पडून, झाडाला टेकून बसून, काठ्यांवर टेकवून, असा सराव करा. आधी शंभर मीटर पळा, दम लागलेला असताना झाडा. जेवायच्या थाळीएवढ्या कागदात दहापैकी दहा गोळ्या ज्या अंतरावर बसतात तेवढंच तुमचं अंतर. माझं दोनशे यार्ड आहे. लोक सहाशे यार्डांच्या गोष्टी सांगतात. ऐकून घ्यायच्या.

पाचवी पायरी: रान वाचणं (ऑगस्ट, सप्टेंबर)

एल्कचा खूर बोटभरापेक्षा लांब, दहा सेंटिमीटरच्या आसपास, आणि हरणाच्या बदामी खुरापेक्षा गोलसर. चरायला सोडलेल्या गाई असतील तर फसाल, त्यांचा ठसा आणखी गोल आणि रुंद. लेंड्या ओल्या, चमकदार असतील तर जनावर आजचं. नर कोवळ्या झाडांवर शिंगं घासून साल सोलतो आणि चिखलात लोळतो. अशी खळगी सापडली तर नकाशावर नोंद करा.

सगळ्यात भरवशाची खूण नाकाला कळते. एल्क पडून असलेल्या जागेला गोठ्याचा वास येतो, मूत आणि ओल्या केसांचा. माझं आजोळ जुन्नरकडचं, गोठ्यात वाढलेली मी. तो वास मला शेजाऱ्याच्या आधी लागला तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे आदराने बघितलं.

सप्टेंबरच्या मध्यापासून माजाचा काळ. नर बासरीसारखा वर चढत जाणारा सूर काढतो आणि शेवटी खाकरतो. तेव्हा धनुष्यबाणवाले हाका मारून त्याला बोलावतात. आपण रायफलने ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जाणार, तोवर माज ओसरलेला असतो आणि थकलेले नर दाट झाडीत एकटे पडून असतात. हाका मारायच्या शिट्या नवख्याने घरीच ठेवाव्यात.

सहावी पायरी: सामान

यावर लोक महिनेच्या महिने घालवतात, मी एका परिच्छेदात संपवते. सुती कपडा अंगावर नको, लोकरीचा हवा: ओला सुती शर्ट आणि बर्फाचा वारा यांनी माणूस गारठून मरतो. रायफल हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच चमकदार नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि डोक्यावरही तोच, हा कायदा आहे. दहा बाय बेचाळीसची दुर्बीण, ओझ्यासाठी चौकटीची सॅक, डोक्यावरचे दोन दिवे, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, पाती बदलता येणारी सुरी, मांसाच्या पाच सुती पिशव्या, वीस मीटर दोरी. मुरलेले बूट. गाडीत टायरच्या साखळ्या आणि दोन मोठे कूलर, त्यात बर्फाऐवजी पाणी गोठवलेले कॅन, म्हणजे वितळलं तरी मांस भिजत नाही. खायला तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चिक्की, गूळ. शून्याखाली चॉकलेट दगड होतं, चिक्की तशीही दगडच असते.

सातवी पायरी: शिकारीचा दिवस

वाऱ्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. एल्कचा डोळा चुकवता येतो, कानालाही तुम्ही दुसरा एल्क आहात असं वाटू शकतं, नाकाला मात्र फसवता येत नाही. डोंगरातला वारा सूर्याबरोबर वागतो. रात्रभर गार झालेली जड हवा पहाटे पाण्यासारखी घळीतून खाली वाहत असते. उतारावर ऊन चढलं की नऊ-दहाच्या सुमारास ती उलटते आणि वर सरकायला लागते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. म्हणून पहाटे कळपाच्या खालच्या अंगाला किंवा बाजूला राहायचं, दिवस तापल्यावर वरच्या अंगाला. वारा उलटण्याच्या त्या अर्ध्या तासात हवा गरगरते. तेव्हा हलू नका, जागेवर बसून चिक्की खा. छोट्या बाटलीत टाल्कम पावडर ठेवा, दर दहा मिनिटांनी चिमूटभर उडवून बघा.

शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. मी अंधारात दीड तास चालते आणि उजाडताना माळाच्या कडेला, पाठीमागे झाड घेऊन बसते. घाम येईल इतकं भरभर चालायचं नाही, बसल्यावर तो गोठतो. पहिल्या उजेडात दुर्बिणीने माळाचा मधला भाग नव्हे, झाडीची किनार बघा. अख्खा प्राणी शोधू नका. कानाची हालचाल, आडव्या पाठीची रेषा, पायांच्या काठ्या, तो पांढुरका ठिपका.

आठ-साडेआठपर्यंत काही दिसलं नाही तर कळप काळ्या झाडीत शिरला असं समजा. वारा स्थिर झाला की उतारावर आडवं, वाऱ्याला तोंड देऊन, झाडीत शिरा. तीन पावलं, थांबा, बघा. शंभर मीटरला पंधरा मिनिटं लागली तर वेग बरोबर आहे. मला हे जमायला तीन हंगाम लागले. सह्याद्रीत आपल्याला शिखर गाठायची घाई लागलेली असते, ती इथे अंगातून काढावी लागते.

बर्फ पडला तर नशीब: ठसे ताजे दिसतात आणि कळप खालच्या उंचीवर सरकतो. बर्फ नाही आणि हवा गरम असेल तर वर, दाट झाडीत, पाण्याजवळ शोधा. आणि तुमच्या लाडक्या जागी तीन नारिंगी टोप्या दिसल्या तर चिडू नका. ती जागा त्यांना सोडा, त्यांच्या पलीकडच्या खिंडीत जाऊन बसा.

आठवी पायरी: गोळी

झाडण्याआधी चार प्रश्न. हा एल्कच आहे ना? कोलोरॅडोत मूसही आहेत, १९७८पासून आणून सोडलेले, आणि त्यांना एल्क समजून मारल्याचे प्रकार घडतात. मूस काळपट, लांब सुजलेल्या नाकाचा, आणि त्याला पांढुरका ठिपका नसतो. टॅगप्रमाणे नर की मादी? मागे दुसरं जनावर किंवा क्षितिज तर नाही? आणि चौथा म्हाताऱ्याचा: गाडी कुठंय?

जनावर आडवं किंवा किंचित पाठमोरं तिरकं हवं. पुढच्या पायाच्या रेषेत, खांद्याच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वर: तिथे फुप्फुसं आहेत. डोकं, मान, समोरून छाती या नवख्याच्या जागा नव्हेत. झाडलं की लगेच दुसरं काडतूस चढवा आणि जनावर उभं असेल तर पुन्हा झाडा. कुठे उभं होतं, कुठल्या झाडाशी शेवटचं दिसलं, हे मनात कोरून ठेवा.

मग अर्धा तास बसायचं. ही सगळ्यात अवघड पायरी आहे. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, जनावर जवळच असेल. काळपट लाल म्हणजे कलेजी (यकृत), काही तास थांबा. हिरवट घाण असेल तर आतडं, आणखी थांबा. घाईने मागे गेलात तर जखमी जनावर उठून दोन डोंगर ओलांडेल आणि वाया जाईल. सापडल्यावर मागच्या बाजूने जा, काठीने डोळ्याला स्पर्श करून बघा.

टॅग तिथल्या तिथे फाडून सही आणि तारीख घाला.

नववी पायरी: सुरी

आमच्या शेजाऱ्याच्या भाषेत, चाप ओढला की सुट्टी संपली आणि नोकरी सुरू झाली. एल्कचं कातडं म्हणजे जाड गोधडी. आतली ऊब ती सोडत नाही. बाहेर शून्य अंश असलं तरी कातड्यासकट ठेवलेलं मांस मागच्या मांडीच्या हाडाजवळ आंबतं. म्हणून कातडं काढणं, फरे सुटे करणं, वारा लागू देणं, याच क्रमाने आणि लगेच.

पोट न फाडता काम करायची पद्धत नवख्याला सोपी आणि स्वच्छ. जनावर एका कुशीवर घ्या, उतार असेल तर पाय दोरीने झाडाला बांधा, नाहीतर अर्ध्या कामात घसरगुंडी होते. मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून कातडं चिरा. पात्याची धार कातड्याच्या आतून बाहेर ठेवा, म्हणजे केस कापून मांसावर पडत नाहीत. कातडं पोटाकडे सोलत न्या. ते पसरलं की तीच तुमची चटई.

पुढचा फरा सोपा. तो छातीला हाडाने जोडलेलाच नसतो. पाय उचलून धरा, आतून सुरी फिरवा, सुटतो. मागचा फरा खुब्याच्या गोल सांध्यात अडकलेला असतो. कमरेच्या हाडाला चिकटून मांस सोडवत जा, सांधा दिसला की आतली शीर कापा, पाय मागे वाकवा, तो निखळतो. एका मागच्या फऱ्याला नर-मादीची खूण नैसर्गिकपणे चिकटलेली राहू द्या, नियमाला ती लागते. कण्याच्या बाजूचा लांब पट्टा मानेपासून कमरेपर्यंत अखंड काढा. मग मानेचं आणि बरगड्यांवरचं मांस, ते खिम्याला. जनावर उलटवा, दुसरी बाजू तशीच. शेवटी कमरेच्या कण्याखालचे दोन मऊ पट्टे: शेवटच्या बरगडीमागे चीर द्या, पोट हाताने खाली दाबा, आत हात घालून बोटांनी सोडवा. काळीज-कलेजी हवी असेल तर आता पोट उघडा.

दोघांना दोन तास लागतात. मला पहिल्यांदा साडेचार लागले, अर्ध्या वेळेला दिवा तोंडात धरलेला. सुरीने स्वतःचा हात कापला जातो तो याच वेळी, थकव्याने आणि थंडीने बोटं बधिर झाल्यावर. डाव्या हातात जाळीचा हातमोजा घाला. आणि काम चालू असताना करड्या रंगाचे जे पक्षी येऊन हातभर अंतरावरून चरबीचे तुकडे पळवतील, त्यांना हाकलू नका. डोंगरातला त्यांचा हप्ता आहे तो.

दहावी पायरी: खाली

मांस पिशव्यांत घालून सांगाड्यापासून शंभर मीटर दूर, सावलीत, वारा लागेल असं फांदीला टांगा. जागा अशी निवडा की परत येताना लांबून दुर्बिणीने दिसेल. इथे ग्रिझली नाहीत, पण काळं अस्वल मांसावर बसलेलं असू शकतं. येताना मोठ्याने बोलत या. मी 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणत येते, ठेकाही धरला जातो.

पाय ताजे असताना सगळ्यात जड फरा पहिल्या खेपेला न्यावा असं माझं मत. शेजारी उलट, आधी पाठीचे पट्टे नेतो, रात्रीत अस्वल आलं तर निदान ते वाचतील म्हणून. ओझं पाठीला चिकटून, खांद्यांच्या उंचीला बांधा. शिंगं शेवटच्या खेपेला, त्यांना नारिंगी कापड गुंडाळून. चारही फरे आणि पाठीचं मांस नेलं पाहिजे, खाण्याजोगं मांस टाकून येणं गुन्हा आहे. जमणार नसेल तर परवाना असलेल्या घोडेवाल्याचा नंबर आणि दर निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा. यात कमीपणा नाही.

खाली आल्यावर डोक्याचा नमुना रोगाच्या तपासणीला द्या. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणकुळातल्या जनावरांचा मेंदू पोखरणारा आजार १९६७मध्ये कोलोरॅडोतच पहिल्यांदा दिसला. काही युनिटांत तपासणी सक्तीची असते, नसली तरी करा. निकाल येईपर्यंत मांस गोठवा, पिशव्यांवर जनावराचा क्रमांक लिहा, खाऊ नका. रोग निघाला तर ते मांस खायचं नाही, कितीही खेपा घातल्या असल्या तरी.

निकाल बरा आला की स्वयंपाकघर. एल्कच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते. पाठीचा पट्टा तव्यावर तुपात दोन-दोन मिनिटं, आत गुलाबी राहू द्या. जास्त परतलात तर चप्पल. मागच्या फऱ्याचं सुकं मटण होतं, पण कांदा-खोबऱ्याच्या वाटणात एक पळी तेल जास्त घाला. मानेचा खिमा पावाबरोबर. नळ्यांचा रस्सा सगळ्यात शेवटी करा आणि सगळ्यात सावकाश. डेन्व्हरच्या उंचीवर पाणी ९५ अंशांनाच उकळतं, कुकरमध्येही पुण्याएवढी उष्णता होत नाही. आईच्या हिशेबाने मटणाला पाच शिट्या असतील, तर एल्कच्या नळीला इथे नऊ द्या, आणि वाफ आपोआप जाऊ द्या.